चार पट्टे

मी टेम्पोवाला. कपाटं नेतो, मांडवाचे बांबू,
एकदा एका नाटकाचा अख्खा राजवाडा नेला, घडी घालून.
पण बसून गवत कापायची गाडी
आणि तिच्याबरोबर साडीवर खाकी शर्ट चढवलेल्या
वत्सलाबाई भिंगारदिवे,
हे गिऱ्हाईक पहिल्यांदाच.

खडकीच्या गॅरेजातून येरवड्याच्या शाळेचं मैदान.
अंतर म्हणाल तर एक बिडी.
म्हटलं, चढवा आणि बसा.
त्या म्हणाल्या, आधी टेम्पोच्या चाकांना दगड लावा.
हँडब्रेक आहे की, बाई.
असू दे. दगडाची वायर तुटत नाही.

माझ्या फळ्यांवरून तीन फ्रीज आणि एक म्हैस चढली आहे,
हेही सांगून पाहिलं.
त्यांनी फळीवर पाय ठेवून दोनदा दाबला.
म्हैस आपला तोल आपण सांभाळते, म्हणाल्या,
आणि गॅरेजातून लोखंडी उतरण मागवली,
साखळीनं हौद्याला जखडली.

पातं बंद. खालचा पत्रा उचललेला. सगळ्यात हळू गिअर.
सरळ बघत, सरळ चढत,
मध्ये थांबणं नाही, चाक वळवणं नाही.
सवयीनं मी मागून रेटायला गेलो
तर वरूनच ओरडल्या,
मागं कोणी उभं राहायचं नाही!
घसरली तर ती तुमचं नाव विचारणार नाही.

मग पत्रा खाली टेकवला, ब्रेक ओढला,
पेट्रोलचा कॉक फिरवला,
चावी शर्टाच्या खिशात, खिशाला बटण.
चार पट्टे, चार कोपरे, चौकटीला आवळलेले.
मी एक स्टिअरिंगला बांधत होतो, तो त्यांनी सोडला.
माणसाला काय कानाला धरून बांधतात?

बावीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

होळकर पुलावर एक स्कूटर,
फोन कान आणि खांद्यात धरलेली,
अचानक आडवी.
मी ब्रेकवर उभाच राहिलो.
डबा उडाला, गणपतीपुढची सुपारी सीटखाली गेली,
तोंडातली शिवी तोंडातच.
मागं आवाज नाही.
मी वळून पाहिलं. त्यांनी नाही पाहिलं.

मैदानावर उतरवल्यावरही लगेच सुरू नाही.
अख्खं मैदान आधी पायी.
वेचलेलं पोत्यात: गोटे, बाटलीची बुचं,
स्टंपचा तुकडा, एक हवाई चप्पल.
पात्याला दगड दिसत नाही, म्हणाल्या,
आणि दगडाला खिडकी दिसत नाही.
भिंतीकडचा उतार खाली-वर कापला, आडवा कधी नाही.
नळाजवळचं ओलं गवत विळ्यासाठी सोडलं.

वॉचमनचा पोरगा आला, मांडीवर घ्या म्हणून.
वॉचमनही म्हणाला, घ्या हो, एक चक्कर, काय होतंय.
पातं थांबलं. इंजिन थांबलं.
चावी खिशात, खिशाला बटण.
आता बस.
पोरानं तोंडानं ढुर्रर्र करत
सबंध मैदान तीनदा कापून काढलं
जागच्या जागी.
बाई शेजारी उभ्या, काहीच न बोलता.
उतरवताना मात्र त्याची पावलं त्यांनी हातात घेतली,
दोन्ही,
जरा जास्तच वेळ.

मी विचारलं नाही.
इंजिन निवेपर्यंत त्या पेट्रोलचा डबा लांब ठेवून बसल्या होत्या,
आम्ही चहा प्यायलो, साखरेवर बोललो.

परवा भवानी पेठेतून एक कपाट होतं.
मालक म्हणाला, दोन गल्ल्या तर जायचंय,
दोरी कशाला, पोरगा धरून उभा राहील मागं.
मी पोराला पुढं बसवलं.
किती वेळ लागेल? मालकानं घड्याळ पाहिलं.
मी रस्त्याच्या कडेला
दगड शोधत होतो.