पासष्ट डिग्री

आधी मिरची हुंगवली.
नळीतून धुकं, धुक्यात मिरचीचा अर्क,
पहिल्यांदा नखभर, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट.
पाच खोकले आले की थांबायचं, आकडा लिहायचा.
मी पहिल्याच धुक्यात आठ दिले.
"संकेश्वरी हाय काय ओ?" म्हणून विचारलं,
विचारल्याबद्दल आणखी तीन.

मिरचीच लागती असं न्हाई.
शेजारची फोडणी, आगरबत्ती,
बसमध्ये कुणाच्या पदराचं अत्तर,
गार पाणी, हसू.
हसू तर फारच.
नणंदेच्या साखरपुड्यात मागच्या दारी बसले होते,
फोटोवाला हसवतो म्हणून.

माहेर निपाणी. सातव्या वर्षी मांडीवर सूप आलं.
बिडी कधी ओढली न्हाई, नुसत्या वळल्या.
तेच कारण असंल असं डॉक्टर म्हणाले न्हाईत.
मी बी कुणाकडं बोट दाखवलं न्हाई.
बोटं अजून पिवळी हायत.

मग चित्र काढून सांगितलं:
श्वासाच्या वाटेला वेटोळं घालून एक स्नायू,
जरा काही झालं की आवळतो.
त्याला आतून शेक द्यायचा,
दहा सेकंद इथं, दहा सेकंद पुढं,
तीन खेपा, मधे तीन-तीन आठवडे.
"किती डिग्री?"
मालक तेव्हा पहिल्यांदा बोलले.
उद्यमबागेत तीस वर्षं ओतकाम.
"पासष्ट."
"पासष्टात लोखंड कूस बी बदलत न्हाई," म्हणाले
आणि सही केली.
फॉर्म कन्नडात, सही मराठीत.
खोकला कशात, ते कुणी विचारलं न्हाई.

गुंगी चढायच्या आधी नीलव्वा सिस्टरनं
कपाळावर हात ठेवला.
"अक्का, उसिरु तगोळ्ळी.
उसिरु बिडी."
श्वास घ्या, श्वास सोडा. कळतं की मला.
तरी बी हसू फुटलं:
जन्मभर वळली,
आता टेबलावर बी हीच.
हसू, मग खोकला,
मग काहीच न्हाई.

प्रत्येक खेपेनंतर आठ दिवस उलट जास्त.
छातीत चुलीची राख, धाप, कफ.
मालक म्हणायचे, दम धर,
साचा गरम असताना फोडत न्हाईत.

परवा परत मिरची हुंगवली.
चौथ्या धुक्याला पाच.
बरी झालीस असं कुणी म्हणालं न्हाई,
पंप उशाशी हायच,
फोडणीला अजून खिडकी लावून घेते.

पण त्या रात्री अनगोळच्या आमच्या खोलीत
मालक दचकून उठले.
काही ऐकू येईना म्हणून.
माझ्या नाकापुढं हात धरला,
पण तीस वर्षं भाजून निबर झालेला तळवा,
त्याला फुंकर कुठली कळायला?
दिवा लावला न्हाई. हाक मारली न्हाई.
वाकून गाल आणला जवळ,
दाढीचे खुंट ओठाला टोचले.

मी जागीच होते.
थोडा वेळ धरून ठेवला,
मग सोडला.