वायची किंमत

सरकारी कागदावर कोल्हापूर म्हणजे एक अक्षर.
एक्स म्हणजे पुणे-मुंबई.
झेड म्हणजे आमचं गाव, गारगोटीच्या पुढं,
जिथून एसटी वळून परत फिरते.
मधलं वाय म्हणजे कसबा बावडा,
मगदूमकाकूंचा वरचा मजला,
दोन खोल्या, मोरी बाहेर.
तिथं मी राहते, शालन दिनकर खोराटे,
हवालदाराची बायको, दोन पोरी घेऊन.

घरभाडं भत्ता खात्यावर पडायच्या आधी दोन दिवस
काकू जिन्यात भेटतात.
वाईट नाहीत त्या.
परवा वाटीभर खरवस हातावर ठेवला, मग म्हणाल्या,
"घरफाळा वाढला बाई. जूनपासून
साताचे साडेआठ धर."
खरवस गोड होता. वाटी अजून माझ्याकडंच आहे.

रात्री ह्यांना सांगितलं. लाईन तुटत होती.
"इथं थंडीचेपण वर्ग आहेत," म्हणाले,
"अमुक फुटांच्या वर गेलं की श्वासाला वेगळा दर."
"खाली कधी उतरणार?"
"उतरलो की तो दर बंद."
मग दोघंही गप्प,
फोनमध्ये नुसता वारा.

वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं.
भाडं साडेआठ, भत्ता सात.
दूध पिशवीतलं; गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण
फक्त धाकटीच्या वाढदिवसाला.
तेल, साबण, चहा कॅन्टीनच्या कार्डावर.
पण कॅन्टीन टेंबलाईकडं,
रिक्षा जाऊन-येऊन दोनशे,
म्हणजे तो साबण स्वस्त पडला की महाग
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सासूबाई म्हणतात, गावाकडं ये,
चुलीला दोन लाकडं जास्त लागतील, एवढंच.
पण गावाकडं गेले की अक्षर बदलतं,
भत्ता निम्म्यावर येतो,
आणि थोरलीच्या शाळेला तिथं अक्षरच नाही,
सातवीच्या पुढं वर्गच नाहीत.

कुटुंब इथंच राहतं असा दाखला पाहिजे म्हणून
मागं एकदा वॉर्ड ऑफिसात गेले होते.
"मालक कुठायत?"
"ड्यूटीवर."
"मग त्यांनाच पाठवा, सही लागेल."
मी बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसले.
पंखा फिरत होता. कुणाची तरी छत्री विसरलेली.
पुन्हा आत गेले.

आज संध्याकाळी भाकरी थापत होते.
थोरली वही घेऊन उंबऱ्यात बसली,
आठवीचं बीजगणित.
"आई, वायची किंमत काढायची आहे."
माझा हात परातीतच थांबला.
"निघते का?"
"निघते की. एक्स ठाऊक असला की निघते."
पेन्सिल चावत तिनं दोन ओळी लिहिल्या,
एक खोडली, पुन्हा मांडली.
"उणे दीड येतंय.
चुकलंच असणार कुठंतरी."
खोडरबर हुडकायला लागली.

"खोडू नको," म्हटलं,
"आधी ताळा करून बघ,"
आणि तव्यावरची भाकरी उलटली.