रकाना सात

पुंता अरेनासच्या नोंदणी कचेरीत
जूनमध्ये चारलाच दिवे लावावे लागतात.
त्या सुमारास एदुविहेस मान्सिया आली,
कोटाच्या आत पोटाशी धरलेले बत्तीस कागद,
वाऱ्याला एकाचाही कोपरा मिळाला नव्हता.

लोकर कातरणाऱ्या टोळीचं चित्रपुस्तक.
पत्र्याची शेड, किटलीवरची वाफ,
एक मेंढी अर्धीच कातरलेली,
न्हाव्याच्या खुर्चीतून मधेच उठून आल्यासारखी.

कशावर काढलंत? मी विचारलं.
फुकटच्या प्रोग्रामवर, ती म्हणाली, आणि खाली बघितलं
उसनं पातेलं परत करायचं राहून गेलेल्या बाईसारखं.

रकाना सात : हक्काचा मालक.
तिनं स्वतःचं नाव लिहिलं,
स्वल्पविराम दिला,
आणि थांबली.
पुढे काय?
तो माणूस, म्हणाली. त्याचं नाव मला ठाऊक नाही.

एकोणिसाव्या पानावर करडा रंग भरला
की प्रोग्राम बंद पडायचा. अकरा वेळा पडला.
तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत कुठंतरी कळवलं.
सकाळी उत्तर : दुरुस्त केलंय. बघता का, चालतंय का?
खाली सहीला एकच अक्षर.

मी कायदा सांगितला, पगार त्याचाच घेतो.
परवाना आहे तो प्रोग्रामचा :
उघडा, बदला, वाटा, त्या अटी त्याच्यापुरत्या.
चित्र तुमचं, रेघ न् रेघ तुमची.
कातर घडवणाऱ्याची लोकर होत नसते, बाई.

पण कातरीला धार लावून देणाऱ्याला
आम्ही जेवायला बसवतो, ती म्हणाली.

जेवणाचा रकाना नाही.

सतरा वर्षं या टेबलाशी माणसं येतात
ती दुसऱ्याचं नाव खोडायला.
भाऊ भावाचं. एकदा तर मुलगी आईचं.
आपल्या मालकीत कुणाला हाताला धरून
आणून बसवणारी ही पहिलीच.
नियमाप्रमाणे मी स्वल्पविराम खोडला.
खाडाखोडीशेजारी दोघांच्या सह्या.

गुरुवारी ती परत आली, एकोणिसावं पान बदलून.
शेडच्या कोपऱ्यात, पालथ्या खोक्यावर
एक माणूस कातरीला धार लावतोय.
पाठमोरा. चेहरा कुठून आणणार?
शेजारी ताट वाढलेलं, मटणाचा रस्सा, दोन पाव.

इथं चालेल ना? तिनं विचारलं.

मी शिक्का मारला,
जरा तिरका आणि खालच्या बाजूला,
ताटावर शाई जायला नको म्हणून.