एकास सत्त्याऐंशी

दिवसभर मी दात घडवते.
हिंदमाताजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
कुणाचे सुळे, कुणाच्या दाढा.
माणसं मला ठाऊक नसतात, फक्त त्यांचे चावे.

रात्री घोडपदेवच्या खोलीत
पलंगाखालून जुन्या दाराची फळी ओढते.
तिच्यावर रूळ, दोन गोदामं, अर्धवट क्रेन.
बिजागरीची खाच तशीच होती,
तिच्यात मी खाडी केली.

ब्रेकव्हॅन जर्मनीहून आली, डबीत, कापसात.
फारच नीटनेटकी. पाव्हणी वाटायची.
पहिल्या आठवड्यात तिची अक्षरं खरवडली,
दुसऱ्यात साच्यातच ओतलेले जाड कठडे
पात्याने सोलून काढले.
दात सरळ करायची तार असते ना, उरलेली,
पाव मिलिमीटरहून जरा जाड,
तिचे नवे कठडे वळवले.
खिडक्यांना गोळ्यांच्या पाकिटाचं प्लास्टिक.
जाळीला चहाचं गाळणं, आईला न सांगता.
गेरू, कुंड्यांना लावतात तोच,
सुक्या ब्रशने टेकवला.

मग तिसऱ्या मजल्यावरून हसुराम तांडेलांना बोलावलं.
गोदीच्या मालगाडीवर एकतीस वर्षं गार्ड.
त्यांनी भिंग धरलं, बराच वेळ.
"हा गंज कुठला?"
म्हटलं, गंज म्हणजे गंज.
"हा घाटावरचा. वरून शिंपडलेला.
आपला खाऱ्या हवेचा. तो आतून फुटतो,
रिव्हेटच्या कडेकडेनं, गोवर उठतो तसा."

मी सगळं पुसलं.
सुईच्या टोकानं, एकेका रिव्हेटला,
गोवर.

"आणि हा कठडा खाली आहे."
किती?
ते उठले. माझ्या खोलीत, कपाट आणि मोरीच्या मधे,
चप्पल काढून उभे राहिले, पाय जरा फाकवून,
आणि हवेत मूठ आवळली.
"इथं."
मी टेप लावली, जमिनीपासून मुठीपर्यंत.
एकशे साडेतीस सेंटिमीटर.
भागिले सत्त्याऐंशी, पंधरा मिलिमीटर.
वहीत लिहिलं, टेप मिटली,
तरी मूठ तिथंच होती.
गुडघे किंचित वाकलेले,
रुळाचा सांधा यायचा असल्यासारखे.
मी पंख्याचं बटण शोधत राहिले,
पंखा चालू असताना.

विचारलं, आत गार्ड बसवू?
छोटी माणसं मिळतात, टोपीवाली.
"नको. मी असा कुठं दिसायचो?
डबा ठेव, बाकड्याखाली. तीन ताळी."
सोल्डरच्या तारेच्या तीन चकत्या कापल्या,
एकीवर एक. मोहरीपेक्षा फार मोठा नाही.
दोनदा शिंकेने उडाला.
एकदा सापडला, एकदा पुन्हा केला.
मग छप्पर चिकटवलं.
बहीण म्हणाली, आता दिसणार कुणाला?
तिला काय सांगू?
दाताची मागची बाजू कुणालाच दिसत नाही,
पण जिभेला सगळं कळतं.

गाडी पुरी झाली त्या रविवारी
काकांनी भिंग घरी विसरलं होतं.
डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
म्हणून अंगठ्यानं पाहिलं त्यांनी,
छपरावरून, कडेनं, हळूहळू खाली.
आणि कठडा वाकला.
तोच, पंधरा मिलिमीटरचा.

खोलीत कुणी काही बोललं नाही.
काकांनी अंगठा उचलला नाही.
"अगदी बरोबर," म्हणाले,
"एकोणऐंशी साली शिवडीच्या यार्डात आपटली होती.
तेव्हापासून हा असाच वाकडा."

खरं असेल. नसेलही.
चिमटा हातात होता माझ्या,
एका दाबात सरळ झाला असता.
मी गाडी रुळावर ठेवली, खाडीशी,
वाकडी बाजू दिसेल अशी,
आणि चहाला आधण ठेवलं.
गाळणं फाटकं होतं.
काकांनी चोथ्यासकट प्यायला.