काठ

वडगावात आमच्या गल्लीत अजून चार माग चालतात.
जेवणाच्या सुट्टीत ते थांबले की
मला अण्णांचा डावा हात आठवतो.

मंगळवार-शुक्रवार डायलिसिसच्या सुया खाऊन
कोपराखाली फुगलेली शीर.
आम्ही पोरं कान लावायचो तिला;
आत सुर्र सुर्र, रात्रपाळीचा माग.
"थांबला तर सांगा की गा," म्हणायचे,
आणि परत चौकटीच्या कागदात डोकं.

पाणी दिवसाला तीन पेले, आई मोजून द्यायची.
तिसऱ्यात हे ब्रश बुडवायचे.
मग भांडण. मग चहा, अर्धा-अर्धा.

कागद संपला की रिपोर्टांच्या पाठीवर
कोयरी, रुईफूल, भाजीच्या पिशवीचा हिशेब.

धाकटीच्या शालूचा काठ आठ महिने चालला.
मोराचा डोळा तेवढा राहिला.

इराप्पानं पत्त्यांना भोकं पाडली, तशीच.
"एक टिपका, मला काय जड होता?
हात उचलंना बघ," म्हणाला, आणि
पुढचं कन्नडमध्ये, स्वतःशीच.

एक पत्ता चुकला की काठभर चुकतं :
सगळे मोर आंधळे.

लग्नाच्या आदल्या रात्री आईनं
पदराजवळच्या एकाला
सुईनं डोळा भरला. काळा दोरा.
बाकीचे राहू देत म्हणाली.