सैल

सावदा-फैजपूर रस्त्यावर
पंक्चरच्या टपरीत सदतीस वर्षं
मी दुसऱ्यांचं प्रेशर मोजलं.
केळीचे ट्रक, दिल्लीला निघालेले, ओव्हरलोड.
टायरवर टॉमीचा एक फटका
आणि आवाजावरून सांगायचो,
मागचा डावा, आतला, नव्वदच्या खाली.
गेज लावून बघा.
पाच पौंडांवर चूक कधी निघाली नाही.

माझं पहिल्यांदा मोजलं
ते नातीच्या शाळेतल्या शिबिरात,
रांग छोटी होती म्हणून.
वर एकशे अठ्ठ्याण्णव. खाली एकशे बारा.
नर्सनं पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला,
परत फुगवला.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली, काका, बसा जरा.
कुठं काही दुखत नव्हतं.
टायरही फुटायच्या आधी दुखत नाही,
हे मला ठाऊक असायला हवं होतं.

भुसावळला इको काढला.
बाहेर शेहेचाळीस डिग्री, छातीवर गार जेली,
तेवढंच बरं वाटलं.
पडद्यावर करड्या उजेडात
काहीतरी मिटत होतं झटक्यात
आणि उघडताना अडत होतं,
नव्या टायरचा काठ रिमवर बसताना अडतो तसं.

फिरके मॅडम म्हणाल्या, डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय.
चौदा मिलिमीटर.
मी म्हटलं, जाड म्हणजे मजबूतच ना?
चौदा प्लायला लोक वरचे पैसे मोजतात.
त्या हसल्या नाहीत.
तडवीकाका, आवळायला जोर आहे हो त्याला, भरपूर.
सैल व्हायला येत नाही.
सैल झालं नाही तर भरणार कसं?

एसटीत खिडकीशी बसून
मी उजवा हात बघत राहिलो.
टॉमीनं पडलेला घट्टा, अंगठ्याखाली.
ही मूठही पूर्ण उघडत नाही कित्येक वर्षं.
गिऱ्हाईक सुट्टे पैसे ठेवतं
आणि एखादं नाणं घरंगळतं.

पहिल्या गोळीनं खोकला लागला, कोरडा, रात्रभर.
बदलून दिली.
मग बरं वाटलं, म्हणून बंद केली.
बरं वाटलं म्हणून!
मार्चातल्या एका रात्री
आडवं झालं की बुडाल्यासारखं.
पहाटेपर्यंत जुन्या टायरांच्या थप्पीवर बसून काढली.
ट्रक जात होते. कुणी थांबलं नाही.
कुणाचंच पंक्चर नव्हतं.

तेव्हापासून सायराबी दारातून ओरडते,
गोयी घेतली का?
अख्ख्या स्टँडला माझी वेळ पाठ झालीय.
उन्हाळ्यात तिनं बिबड्या घातल्या,
माझ्या वाटच्या बिनमिठाच्या,
खाटेच्या कोपऱ्यात, लाल चिंधीची खूण करून.
चव? विचारू नका.

वर्षानं परत इको.
बारा.
दोन मिलिमीटर.
रबर झिजतं ते रस्त्यावर जातं.
हे झिजलं नाही, उतरलं,
पोतं खाली ठेवल्यावर
हमालाची मान उतरते तसं.

सगळं नाही जायचं, मॅडम म्हणाल्या,
मांसात मधेमधे चिवट धागे विणले गेलेत,
ते थोडे राहतील.
पॅच मला काय समजावता?
तेवढी जागा फुगत नाही.
बाकीची ट्यूब तिला सांभाळून फुगते
आणि गाडी नागपूरपर्यंत जाते.

आता कंप्रेसरशेजारी एक लहान मशीन ठेवलंय.
हवेचे पैसे घेतो, याचे नाही.
परवा एक ड्रायव्हर, चौतिशीतला,
गुटख्याची पुडी दातांनी फाडत म्हणाला,
चाचा, अजून दहा पौंड मारा, लांब जायचंय.
मी म्हटलं, मे महिना आहे, कमीच भरतो.
तू बस.
पट्टा बांधला. एकशे शहात्तर.
कुठं काही दुखत नाही, म्हणाला.
मी टॉमी खाली ठेवली.
म्हटलं, दुसरा हात दे.