चाळीस मोळ्या

कुंभारीच्या अलीकडे, वजनकाट्याला लागून
माझं दुकान : एक कॉम्प्रेसर, दोन जॅक,
आणि पत्र्यावर मीच रंगवलेला शब्द, हवा.
ह जरा वाकडा आलाय. तेरा वर्षं तसाच आहे.

रात्री दीडला बसलिंग आला.
मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोरखंडाच्या वर हातभर,
टेपवर कन्नड गाणं, फुल आवाजात.
"अण्णा, मागच्याची हवा बघ की,
जरा बसल्यागत वाटलालंय."

मी आधी हवा बघत नाही.
उस्ताद मैनोद्दीननं शिकवलं तसं
तळहात लावतो टायरच्या गालाला,
तव्यावरच्या भाकरीला लावावा तसा, चटकन.
चार बोटंसुद्धा टिकली नाहीत.

मग हातोडी.
तीन टायर टणटणले.
चौथा नीट बोललाच नाही,
ओल्या मडक्यागत, ठप्प.
बॅटरी मारून कडेचे चार आकडे वाचले,
पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.
"बसलिंग, हा टायर कारखान्यातून निघाला
तेव्हा तू सातवीत होतास बे."
"रिमोल्ड केलाय की अण्णा."
"नवी चप्पल घातली म्हणून
गुडघा नवा होतो का?"

तो हसला. हसण्यात झोप होती.

पन्नास रुपये माझे गेले, पण काट्यावर चढवला.
रुक्मांगदनं चिठ्ठी फाडून दिली :
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
निव्वळ बावीस टन तीनशे.
टनावर पैसे मिळतात त्याला,
म्हणून आकडा बघून त्याचा चेहरा उजळला
आणि माझा उतरला.
एकाच कागदाकडं बघत होतो आम्ही.

शिवाय भरणारांनी मागच्या ट्रॉलीत
सगळे बुडखे मागं केलेले.
जड अंग मागं, हुक वर उचललेला,
उतार लागला की शेपूट हलवणार ही,
आणि शेपूट हलली
की पुढच्या जनावराचं काही चालत नाही.

मी म्हणालो, "तीन टन काढ."
"तू फक्त हवा भर."
"नाही भरत."

तेरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो असेन.
पत्र्यावरचा शब्द माझ्याकडं बघत होता.

"ऐक," म्हणालो, "वजन रबर उचलत नाही.
तार उचलत नाही, रिम उचलत नाही.
तुझा सगळा ऊस
हवेवर चाललालाय.
दिसत नाही, पण तीच खाली वाकून उभी आहे
आठही चाकांत.
तिला कोंबून कोंबून किती कोंबशील?
तापली की ती पण वाट शोधणार."

तो काही बोलला नाही.
गाणं तेवढं बंद केलं.
मग शिवी दिली, कन्नडमध्ये,
म्हणजे मनापासून,
आणि दोन्ही ट्रॉल्या करकरत
अक्कलकोटच्या अंगाला गेला.

मी शटर ओढलं नाही.
पुढं ओढ्यावरचा पूल आहे, पुलाआधी उतार.
टायर फुटला तर इथवर ऐकू येतो,
दोनदा ऐकलाय.
खाटेवर पडून कान तिकडंच ठेवले.
कुत्री भुंकली. एक कंटेनर गेला.
काट्याचा लाल आकडा रात्रभर शून्य दाखवत होता.

सकाळी चहाला निघालो,
तर दोनशे पावलांवर, वळणाच्या पलीकडं,
माझ्या दुकानातून दिसणार नाही अशा बेतानं
रस्त्याकडेला मोळ्या रचलेल्या.
नीट रचलेल्या. बुडखे एका बाजूला.
कुणाची तरी म्हैस आधीच पोहोचली होती.

मोजल्या. चाळीस.
एक मोळी पंधरा किलो धरली तर सहाशे.
मी तीन टन म्हणालो होतो.

सहाशे.
मागूनच काढले असतील ना?
एकट्यानं, अंधारात,
माझ्यावर चिडत.

म्हशीनं माझ्याकडं बघितलं, चघळत राहिली.
पुलाकडून वारा येत होता,
त्यात जळक्या रबराचा वास नव्हता.
मी दोनदा हुंगून बघितलं.